परतीचा काटा

दातांच्या डॉक्टरांनी त्याच्या तोंडात दोन बोळे, एक आरसा आणि लाळ ओढणारी नळी असा सगळा संसार मांडला आणि मग विचारलं, "काय करता आपण?" तोंड मोकळं असताना हा प्रश्न विचारायचा नाही, असं त्यांना कॉलेजात शिकवत असावेत. तो म्हणाला, "आँ." डॉक्टर म्हणाले, "वा, चांगलं क्षेत्र आहे." मदतनीस बाई खिडकीतल्या रेडिओचं बटण फिरवत होत्या. खिडकीबाहेर, गच्च्यांच्या रांगेपलीकडे लाल-पांढरा टॉवर उभा होता आणि त्या टॉवरचा इंजिनियर इथे खुर्चीत आडवा पडला होता, अर्धा जबडा बधिर. रेडिओतून आधी खरखर आली, मग खरखरीच्या तळाशी कुणी पाण्यात बसून बोलतंय असं वाटलं, मग पुन्हा नुसती खरखर.

"आपल्या इथलं स्टेशन लागतच नाही हल्ली," मदतनीस बाई म्हणाल्या.

"बंद पडलं ना ते," डॉक्टर म्हणाले. "बरेच महिने झाले."

"दुपारच्या त्या बाई काय गोड बोलायच्या. माझी आई त्यांच्या आवाजावर कपड्यांच्या घड्या घालायची. त्या बोलायला लागल्या की घड्या आपोआप सरळ पडतात म्हणायची."

"गेल्या त्या."

"अगंबाई. कशाने हो?"

"घशाचंच काहीतरी निघालं म्हणे."

"आँ आँ आँ," तो म्हणाला.

"दुखतंय का? थांबा, अजून एक टोचतो," डॉक्टर म्हणाले आणि टोचलं. मग त्याची जीभही गेली.

घशाच्या आजाराने गेलेल्या त्या बाई त्याची सख्खी थोरली बहीण होत्या आणि सकाळीच त्यांनी त्याला फोन करून, अक्कलदाढ काढतोयस तर जपून, तुझ्याकडे तेवढाच एक नग होता, असं सांगितलं होतं. आवाज ठणठणीत होता. फक्त शेवटी "बरं" म्हणताना ती जरा थांबली होती, कारण आज दुपारी तिचा शेवटचा कार्यक्रम होता. तिला कुणी काढलं नव्हतं. तिने स्वतःच व्यवस्थापकांना सांगितलं होतं की पुरे झालं, आता ऐकतंय कोण. व्यवस्थापकांनी नको नको म्हणण्याइतपत वेळ घेतला आणि केक सांगून ठेवला. तो सुन्न जिभेने छताकडे बघत राहिला. छतावर डॉक्टरांनी रुग्णांचं मन रमावं म्हणून धबधब्याचं चित्र चिकटवलं होतं. हिच्या मरणाची बातमी किती घरांत पोचली असेल, कुणी हळहळलं असेल, कुणी घडी घालता घालता क्षणभर थांबलं असेल. आणि बाई तिकडे गरम पाण्याच्या गुळण्या करून शेवटच्या कार्यक्रमासाठी घसा साफ करत असतील. त्याला हसू आलं. बधिर तोंडाने हसलं की एकाच बाजूने हसू येतं, दुसरी बाजू सुतकात असल्यासारखी बसून राहते.

लहानपणी तोच असा होता, तोंड असून नसल्यासारखा. शब्दाचं पहिलं अक्षर त्याच्या जिभेवर दारात अडकलेल्या कपाटासारखं बसायचं, आत नाही की बाहेर नाही. मग ताई बोलायची. दुकानात ताई त्याच्या मानेवर हात ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, "याला शिसपेन्सिल हवीय, खोडरबर लावलेली, आणि हा म्हणतोय मागच्या वेळची आतून मोडलेली निघाली." तो काहीच म्हणालेला नसायचा, पण म्हणायचं नेमकं तेच असायचं. वर्गात बाईंनी उभं केलं की तो खिडकीतून बाहेर बघायचा, पलीकडच्या वर्गातून ताई धावत येईल म्हणून. एकदा खरंच आली होती. पाणी प्यायचं निमित्त काढून दारात थांबली आणि त्याचं उत्तर सांगून गेली. उत्तर चुकीचं होतं. मारही त्यालाच बसला. पण ते चुकीचं उत्तर इतक्या स्पष्ट आवाजात कुणी त्याच्यासाठी दिलं याचं त्याला इतकं बरं वाटलं होतं की छडी लागलीच नाही. पुढे ताई रेडिओवर गेली आणि तिने शब्द टाकून त्याला तिथे चिकटवला. यंत्रांची सगळ्यात चांगली गोष्ट ही की त्यांना काही सांगायचं असलं तरी ती काट्याने सांगतात, आणि काटा कधी अडखळत नाही.

त्या सगळ्या काट्यांत एक काटा त्याच्या डोक्यात बसलेला. खोलीतल्या ट्रान्समीटरमधून शक्ती निघते, जाड काळ्या केबलमधून टॉवरवर चढते आणि अँटेनाकडे जाते. अँटेनाने ती सगळी हवेत सोडावी अशी अपेक्षा. पण जेवढी तिला पचत नाही तेवढी ती त्याच केबलने खाली परत पाठवते. किती परत आली ते दाखवणारा तो काटा. जगातल्या कुठल्याही स्टेशनात तो थोडा हललेला असतोच, त्यात वाईट काही नाही. पण त्याला तो हललेला काटा बघवत नसे. आपण प्रेमाने वाढावं आणि पाहुण्याने रोज चार घास ताटात टाकून उठावं, तसं त्याला वाटायचं. म्हणून गेल्या वर्षी त्याने केबलचा टॉवरजवळचा जुना जोड काढला, नवा बसवला आणि त्यावर पाणी शिरू नये म्हणून टेप गुंडाळली. काय गुंडाळली होती. एकसारखी, चुणी नाही की फुगा नाही, शाळेतल्या हुशार मुलीच्या वेणीसारखी. शिडीवर उभा असल्यामुळे जोडाचं वरचं टोक हाताशी होतं, म्हणून वरून सुरुवात केली आणि खाली आणली. त्याने तिचा फोटोसुद्धा काढला. लोक पोरांचे काढतात.

आणि मग चमत्कार झाला. पावसाळा लागला आणि परतीचा काटा उतरायला लागला. आठवड्याआठवड्याला थोडा थोडा, तापातून उठलेल्या माणसासारखा, आणि एके दिवशी शून्यावर टेकला तो तिथेच राहिला. परत काहीच येत नव्हतं. अँटेना सगळं पचवत होती. व्यवस्थापकांना यातलं काही कळत नसल्यामुळे त्यांनी ते फार मनावर घेतलं. मुख्य कार्यालयाला कळवलं, कौतुकाची थाप आली, त्यांनी मधोमध भोक असलेला गोल केक मागवला आणि म्हणाले, "हे आपलं शून्य." सगळ्यांनी शून्य खाल्लं. तेव्हापासून कचेरीत त्याला शून्यसाहेब म्हणत. दुसऱ्या शहरांतून नवशिके इंजिनियर आले की तो त्यांना तो काटा दाखवायला न्यायचा आणि भिंतीवरचा टेपचा फोटोही. अधूनमधून रिसीव्हर घेऊन शहराबाहेर चक्कर मारायची, दूरवर आवाज कसा पोचतो ते मोजायचं असा नियम होता. पण आकडा इतका देखणा असताना पेट्रोल कशाला जाळायचं. कचेरीतल्या कर्ण्यावर कार्यक्रम खणखणीत ऐकू यायचा. कर्ण्याचा रिसीव्हर टॉवरच्या पायथ्याशीच होता, टॉवर नुसता कुजबुजला असता तरी तो ऐकू आला असता.

श्रोते मात्र गळायला लागले. आधी नदीपलीकडचे गेले. तो चहावाला, जो रोज फोन करून एकच गाणं मागायचा आणि वर म्हणायचा की कालचं जास्त चांगलं लागलं होतं. मग हमरस्त्याकडचे गेले, मग इस्पितळाच्या बाजूचे. शेवटी जवळच्या गल्ल्यांतले एकदोघे उरले आणि तेही गेले. कुणी नकाशा काढला असता तर एक गोल दिसला असता, टॉवरकडे आक्रसत येणारा. पण नकाशा कोण काढणार, कुणाला वाटलं नाही. बैठकीत व्यवस्थापक म्हणाले की लोकांची अभिरुची बदलतेय. त्याने मान डोलावली होती. ती मान आता खुर्चीच्या टेकूवर होती आणि डॉक्टर तोंडात पाण्याचा फवारा मारत होते. पाणी आत जात होतं, नळी ते गुर्र करून ओढून घेत होती आणि शेजारी थुंकायला ठेवलेलं भांडं कोरडं ठणठणीत. एवढं पाणी जातंय आणि थुंकायला काही नाही, असा एक आळशी विचार त्याच्या मनात आला, आणि तोच विचार सरकत सरकत टॉवरपर्यंत गेला. परत काही येत नाही, ते वर पचतंय म्हणून नव्हे. वाटेतच कुणीतरी पितंय. केबलमध्ये पाणी शिरलं असलं तर ती वर जातानाच सगळं गिळणार, अँटेनापर्यंत जेमतेम थेंबभर पोचणार. अँटेनाने त्यातलंही थोडं परत पाठवलं तर खाली येताना तेही गिळणार. काटा शून्यावरच राहणार. केबल जितकी कुजकी, काटा तितका देखणा. आणि टेप त्याने वरून खाली गुंडाळली होती. खालून वर गुंडाळली तर प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यावर छपरासारखा बसतो आणि पाणी ओघळून जातं. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक वेढ्याचं तोंड आभाळाकडे उघडं राहतं. त्याने जोडाभोवती एकावर एक छोट्या छोट्या वाट्या लावल्या होत्या. आणि त्यांचा फोटो भिंतीवर होता.

"निघाली," डॉक्टर म्हणाले आणि चिमट्यातली दाढ दाखवली. "बघा, मुळं कशी वाकडी आहेत."

दाढेचं त्याला काहीच वाटलं नाही. त्याला एक स्वयंपाकघर दिसत होतं. ताईचं. महिन्याभरापूर्वी ती ओट्याला टेकून उभी होती, पाठमोरी, आणि तो चहात बिस्कीट बुडवत होता. पाठमोरी असली की ताई काही तरी खरं विचारते, हे त्याला ठाऊक होतं. ती म्हणाली, "ठोंब्या, एक विचारू? मशीनमध्ये काही बिघडलं असेल का रे? फोनच येत नाही. एक पण नाही." तो दुखावला गेला होता. तिच्यासाठी नाही, काट्यासाठी. म्हणाला, "ताई, शून्य आहे शून्य. अख्ख्या कंपनीत असा आकडा नाही." ती म्हणाली, "मग माझंच काहीतरी." तिथे गप्प बसता आलं असतं. गप्प बसण्यात त्याचा जन्म गेला होता. पण बिस्किटाचा तुकडा चहात पडला, तो चमच्याने शोधता शोधता, अजिबात न अडखळता तो म्हणाला, "आवाजाचंही वय होतं गं ताई." इतकं सरळ वाक्य त्याच्या तोंडून आयुष्यात क्वचितच निघालं असेल. ताई वळली नाही. तिने नळ सोडला आणि धुतलेलाच कप पुन्हा धुतला. नंतर ती आवाजाच्या क्लासला जायला लागली. तिथे विशीतल्या पोरींबरोबर मांजराचे, इंजिनाचे, वाफेचे आवाज काढायची. मग कार्यक्रमात तिने एक तरुण आवाज लावून पाहिला, "हाय दोस्तांनो" वगैरे, आणि भावोजींनी घरी तिला विचारलं की आज तुझ्या जागी कोण आली होती, सर्दी झालेली. ती हसली होती. त्यालाही तिने ते हसत सांगितलं होतं आणि तोही हसला होता, दोन्ही बाजूंनी.

बोळा दातांत धरून तो रस्त्यावर आला. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याने एक खिशात मावेल असा रेडिओ घेतला. दुकानदाराने विचारलं, "कुठलं स्टेशन लावून देऊ?" त्याने टॉवरकडे बोट दाखवलं. दुकानदार म्हणाला, "ते सोडून सगळी लागतात." त्याने तेच लावलं आणि कानाशी धरून चालायला लागला. नुसती खरखर. चपलांच्या दुकानापाशी खरखरीत एक "म" आला. बँकेच्या पायऱ्यांपाशी "माझ्या" झाला. रस्ता ओलांडताना आवाज परत गेला, एका ट्रकने त्याला शिवी दिली, आणि पलीकडच्या फुटपाथवर पूर्ण वाक्याचं शेपूट हाती लागलं: "...इतकी वर्षं." तिचा आवाज होता, तरुण केलेला नव्हे, तिचाच. प्रत्येक चौकाला तो थोडा थोडा वर येत होता, विहिरीतून दोराने ओढल्यासारखा. लोक बाजूने जात होते. एकाच्या हातात दिव्यांची माळ, एकीच्या कडेवर झोपलेलं पोर, कुणाच्याच कानावर काही नाही. ज्या शहरासाठी ती बोलत होती त्या शहरात ती फक्त त्याच्या डाव्या कानात होती. टॉवरच्या फाटकापाशी आवाज लख्ख झाला. ताई म्हणत होती, "मला उशिरा कळलं की माझं बोलणं आता तुमच्यापर्यंत पोचत नाही. तुमचा राग नाही. आवाजाचंही वय होतं." वाक्य त्याचंच होतं, तिने नीट धुऊन, इस्त्री करून वापरलं होतं. "जाण्याआधी एक गाणं लावते. कुणी असाल तर फोन करा. नसाल तरी लावतेच."

तो फाटकाच्या आत, शिडीपाशी उभा होता. स्टुडिओ समोरच होता. आत जाऊन, तिला बाजूला घेऊन, हळू आवाजात सांगता आलं असतं. तेवढ्यासाठी व्यवस्थापकांच्या समोरून, केकच्या बाजूने जावं लागलं असतं आणि सगळ्यांनी आधी दाढेची चौकशी केली असती. पाय हलले नाहीत. हाताने खिशातून फोन काढला आणि कार्यक्रमाचा नंबर लावला. रेडिओतून तिचा आवाज एकदम बदलला.

"अरे, फोन आला." ती आत स्टुडिओत कुणाला तरी सांगत असावी. मग जोरात, "बघा, आलाच. नमस्कार, बोला, कुठून बोलताय?"

इतका आनंद त्याने तिच्या आवाजात कधी ऐकला नव्हता. फोन ठेवून द्यावा असं त्याला वाटलं. पळून जावं, दुसऱ्या शहरात नाव बदलून पंखे दुरुस्त करावेत.

"त्... त्... टॉवरखालून," तो म्हणाला. सुजलेली जीभ, तोंडात बोळा, आणि वर जुनं अडखळणं.

"आजोबा, जरा सावकाश बोला हं, घाई नाही. कुठली गल्ली म्हणालात?"

"ताई. मी आहे."

रेडिओत तिची खुर्ची करकरली. मग ती म्हणाली, "ठोंब्या, हे लाइव्ह आहे."

"माहीत आहे," तो म्हणाला आणि सांगायला लागला. जोड, टेप, वाट्या, पाणी, केबल सगळं पिते, काटा खोटं बोलत नाही पण आपण त्याला चुकीचं विचारतो. तांत्रिक शब्द आले की तो अडखळत नाही. बोळ्यातूनही सगळं धडाधड निघालं. ते ऐकायला शहरात कुणी नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आयुष्यातली एकुलती एक जाहीर कबुली त्याने अशा ठिकाणी दिली जिथून आवाज फाटकाबाहेर जात नव्हता, हे त्याला बोलता बोलता कळलं आणि कान तापले. खिडकीच्या काचेमागे व्यवस्थापक येऊन उभे राहिले, हातात केक कापायची सुरी.

"फोन येत नव्हते ते यामुळे?" ताईने विचारलं. निवेदिकेच्याच आवाजात, एखाद्या पाहुण्याची मुलाखत घ्यावी तसं.

"हो."

"नदीपलीकडचा चहावाला?"

"तो पहिला गेला."

"बरं. हे टेपचं झालं." ती थांबली. "आणि ते वाक्य?"

त्याला वाटलं होतं की टेपमध्ये ते वाक्यही भागेल. भागणार नव्हतं. टेप चुकली होती, ती कुणाचीही चुकू शकते. वाक्य चुकलं नव्हतं, ते तो स्वतःहून बोलला होता. तोंडात लोखंडाची चव आली. "आ..." तो म्हणाला. "आ..." दारात कपाट अडकलं. ताईला पुढचं सगळं ठाऊक होतं, लहानपणी तिने ते त्याच्यासाठी कधीच पुरं केलं असतं. आज ती थांबून राहिली.

"आवाजाचं वय होतं असं मी म्हणालो," तो शेवटी म्हणाला. "मला काही माहीत नव्हतं. उगाच म्हणालो. आकडा चांगला होता म्हणून."

"धन्यवाद," ताई म्हणाली. "आपण ऐकताय गाणं."

गाणं सुरू झालं आणि थोड्या वेळाने ती बाहेर आली, मानेभोवती हेडफोन, वायर मागे लोंबतेय. त्याच्या सुजलेल्या गालाकडे तिने एकदा पाहिलं. अक्कलदाढेवरून तिला सहज काही बोलता आलं असतं. तो त्याची वाट बघत होता. ती केबलपाशी गेली. केबल भिंतीतून निघून शिडीशेजारून वर जात होती, जोड तिच्या डोक्याच्या जरा वर होता, अजूनही वेणीसारखा देखणा.

"मग मी बोलत होते ते गेलं कुठे?" तिने विचारलं. "कुठेतरी जायला हवं ना."

"केबलमध्येच," तो म्हणाला. "ऊब होऊन. केबल तापते त्याने, थोडीशी."

ताईने हात वर करून जोडाखाली, काळ्या सालीवर तळवा ठेवला. तापलेल्या पोराचं कपाळ बघतात तसा, आणि तसाच ठेवून दिला. त्याच्या खिशातल्या रेडिओत गाणं शेवटच्या कडव्यावर आलं होतं.

"कोमट आहे," ती म्हणाली.

त्याने खाली पाहिलं. वर बघणं शक्य नव्हतं. गाणं संपलं आणि रेडिओत तिची रिकामी खुर्ची ऐकू यायला लागली, पंख्याचा घुर्र, कुठेतरी सुरी बशीवर ठेवल्याचा आवाज.

"जा, बंद कर मशीन," ताई म्हणाली. हात अजून केबलवरच होता. "निरोपाचं वाक्य राहिलंय माझं. हा जोड नीट होईपर्यंत ते मी नाही बोलणार."